सतरा नंबरची आजी

“चालतो का बघ,” निगुडकर सर म्हणाले आणि त्यांनी हातातली सीडी माझ्यापुढे धरली.

मी त्यांच्या व्हरांड्यात मेथी निवडत बसले होते. यात नवल काही नाही. आमच्या संख्याशास्त्र विभागात पीएचडी करायची म्हणजे गाइडच्या घरची मेथी, गाइडचं लाइटबिल आणि गाइडच्या पुतणीचं बारावीचं गणित या तिन्ही विषयांत आधी पारंगत व्हावं लागे. त्यातल्या त्यात निगुडकर सर देवमाणूस. ते स्वतः काही सांगत नसत. काकूच जुडी आणून पुढ्यात ठेवत आणि म्हणत, “वैजू, हात मोकळेच आहेत ना गं?”

“काय आहे सर यात?” मी ओल्या हाताने सीडी घेऊ की नको अशा विचारात पडले.

“माझा जुना प्रोग्राम. तुझ्या शेवटच्या प्रकरणाला बनावट डेटा लागणार ना? हा तयार करून देतो. जाळं आत आहे, शक्यतांचे तक्ते आत आहेत. फासे टाकायची रीतसुद्धा मीच आत लिहिलीय. तेव्हा आयतं काही मिळत नव्हतं आम्हाला.”

“जाळं कशाचं?”

“तापाचंच. दुसरं काय केलंय मी आयुष्यात?” सर हसले. पण लगेच जायचं सोडून ते दारातच उभे राहिले. “उपळेकरलाही दिला होता हा, तो माझ्याकडे होता तेव्हा. दोन दिवसांनी परत घेऊन आला. म्हणाला, चालत नाही सर. तुझ्याकडे बघ.”

“बघते की. न चालायला काय झालं?”

अंगणात सरांची जुनी स्कूटर उभी होती. तिच्यावरची चादर वाऱ्याने सरकली होती, ती नीट करायला ते गेले.

बनावट डेटा म्हटलं की बाहेरच्या माणसाच्या भुवया वर जातात. आमच्यात ते पाप नाही, रोजचं काम आहे. आपण शोधलेली पद्धत खरी की खोटी हे कळायला आधी एक खोटं गाव वसवायचं. कागदावर वर्तुळं काढायची: शेतातलं काम, पायाची जखम, गोठा, उंदीर, पिण्याचं पाणी, ताप. कशामुळे काय होतं त्याप्रमाणे बाण काढायचे. कामाकडून जखमेकडे, जखमेकडून तापाकडे. बाण कधी फिरून मागे येता कामा नये, एवढाच नियम. मग प्रत्येक बाणाला शक्यता द्यायची, की शेतात जाणाऱ्या शंभरांतल्या इतक्यांना जखम होते, जखम झालेल्या शंभरांतल्या इतक्यांना ताप येतो. हे जाळं संगणकाला दिलं की तो फासे टाकत जातो आणि एकेक माणूस तयार होतो. असलं गाव कुठे नसतं, पण खऱ्या गावासारखं वागतं. त्या गावातलं सत्य आपणच ठरवलेलं असतं, त्यामुळे आपली पद्धत ते हुडकून काढते की नाही हे तपासता येतं.

आणि फासे म्हणजे तरी काय? संगणकाला आरंभाला एक आकडा द्यावा लागतो. त्याला सीड म्हणतात. तोच आकडा पुन्हा दिला की तेच फासे त्याच क्रमाने पडतात. एरवी कोणी एक देतं, कोणी एकशे तेवीस देतं. आमच्या विभागात मात्र निगुडकर सरांच्या प्रत्येक विद्यार्थ्याच्या प्रोग्रामची पहिली ओळ ठरलेली होती: चार हजार एकशे सत्तावीस. सरांच्या स्कूटरचा नंबर. वहीच्या पहिल्या पानावर जसं आपण श्री लिहितो, तसा तो आकडा आम्ही लिहायचो. कोणी विसरलं तर एरवी कधी आवाज न चढवणारे सर चिडायचे. “आधी नंबर घाल!” आम्ही मागे चेष्टा करायचो, की काकूंपेक्षा सरांचा जीव स्कूटरवर जास्त आहे.

सरांचं नाव झालं होतं ते वायंगणखोलच्या सर्वेमुळे. कोकणातल्या खाडीकाठच्या त्या गावात एका वर्षी तापाची साथ आली होती. कसला ताप ते तेव्हा कुणालाच कळत नव्हतं. भीतीने तिकडे कोणी फिरकत नव्हतं, त्या दिवसांत विशी-पंचविशीतले निगुडकर एकटे पायी जाऊन घर न् घर फिरले, दर घरातून एका मोठ्या माणसाची माहिती त्यांनी लिहून आणली, असं आम्हाला पहिल्या वर्षीच सांगितलं जाई. सांगणारे इतर प्राध्यापक असत. सर त्या वेळी खिडकीबाहेर बघत. त्या डेटावर सरांची पीएचडी झाली, उपळेकरांची झाली, आणखी चौघांची झाली. आता माझी व्हायची होती.

तो डेटा मला घरच्या माणसांसारखा पाठ होता. त्यात नावं नव्हती, नुसते घरांचे नंबर. पण पाच वर्षं रोज बघितल्यावर नंबरालाही तोंड येतं. अठरा नंबरचा नांगऱ्या, पायाला जखम, ताप. तेवीस नंबरची गोठेवाली. आणि माझी सगळ्यांत लाडकी, सतरा नंबरची आजी. साठीपुढची बाई. शेतात जात नाही, पायाला जखम नाही, घरी गोठा नाही, उंदीर नाहीत, पाणी उकळून पिते. आणि तरी ताप. माझी कोणतीही पद्धत तिच्यापाशी येऊन हात टेकायची. मी तिच्यासाठी मनात किती गोष्टी रचल्या होत्या. नातवाला शोधायला अनवाणी बांधावर गेली असेल. लेकीच्या घरून नुकतीच आली असेल.

एकदा सरांना मी विचारलंही होतं, “सर, सतरा नंबरची बाई आठवते का हो? तिला ताप आला कसा?”

सर चष्मा पुसत होते. पुसतच राहिले. “येतो कधीकधी,” म्हणाले, “काही कारण नसताना.”

सोमवारी दुपारी सगळे डबा खायला गेले तेव्हा मी लॅबमध्ये सीडी घातली. प्रोग्राम जुना, मशीन नवं. दोनतीन ठिकाणी डागडुजी करावी लागली, पण आमच्या नेहमीच्या सॉफ्टवेअरमधून तो एकदाचा सुरू झाला. पडद्यावर एकच शब्द आला, सीड, आणि पुढे लुकलुकती रेघ. माझ्या बोटांनी सवयीने स्कूटरचा नंबर घातला.

माणसं पडायला लागली. पहिली ओळ: बाई, साठीपुढची. शेतात नाही. जखम नाही. गोठा नाही. उंदीर नाहीत. पाणी उकळून. ताप, होय.

“अगं, तू इथे कुठे?” मी चक्क मोठ्याने म्हणाले आणि हसले.

तिच्यासारखी दुसरी बाई पडणं अशक्य थोडंच होतं? जाळंच त्या तापाचं. मग दुसरी ओळ वाचली. पुरुष, तिशीतला, शेतात जातो, जखम, ताप. अठरा नंबरचा नांगऱ्या. तिसरी ओळ, एकोणीस. चौथी, वीस. माझं हसू कुठल्या ओळीवर थांबलं ते आठवत नाही.

मग मी आमच्यातला कोणीही करेल ते केलं. वायंगणखोलचा खरा तक्ता उघडला, वरच्या सोळा ओळी सोडल्या, आणि खालचा सगळा तक्ता या नव्या तक्त्यातून वजा केला. पडद्यावर शून्यं आली. मी खाली खाली जात राहिले. पानंच्या पानं नुसती शून्यं. एखादा तरी एक दिसावा म्हणून मी देवाला हात जोडायचे बाकी ठेवले होते.

दुसरा सीड घालून बघितला. दुसरीच माणसं पडली, आजी गेली. पुन्हा स्कूटरचा नंबर घातला. आजी आली. पहिल्याच ओळीवर, तापासकट.

सोळा घरं खरी होती. बाकीचं गाव या सीडीतून निघालं होतं.

मला रडू आलं, आणि खरं सांगते, ते विज्ञानासाठी वगैरे नव्हतं. आधी आजीसाठी आलं. ती कधी नव्हतीच. मग माझ्यासाठी आलं. माझ्या प्रबंधाच्या पहिल्या पानावर मी सही करून ठेवली होती, की हा डेटा मी स्वतः पडताळला आहे. नोंदणीची मुदत दिवाळीपर्यंत होती आणि ती एकदा वाढवून झाली होती. घरी बाबांची मुदतही तीच. जयसिंगपूरला आमच्याकडे पुण्यातल्या एका मुलाचं स्थळ येऊन बसलं होतं. बाबांचं म्हणणं एकच, “दिवाळीपर्यंत पुस्तक दे त्या विद्यापीठाला. मग नोकरी करायची तर कर, मी आडवा येणार नाही. नाही जमलं, तर मात्र मी म्हणतो तसं.” पाच वर्षांत ही एकच खिडकी मला मिळाली होती, आणि बोलले तर ती मीच लावून घेणार होते. नाही बोलले, तर जन्मभर शून्यांचा तो तक्ता डोळ्यांपुढे. इकडे आड, तिकडे विहीर म्हणतात ते मी त्या दुपारी लॅबच्या खुर्चीत बसून बघितलं. मुलं डबा खाऊन परत आली. कोणीतरी मला लोणचं देऊ केलं. मी ते घेतलं आणि खाल्लं.

त्याच आठवड्यात माझं सबमिशनपूर्व सेमिनार होतं आणि बाहेरचे तज्ज्ञ म्हणून आले डॉक्टर श्रीनिवास उपळेकर. सरांचे पहिले विद्यार्थी, सांगलीकडच्या एका कॉलेजात विभागप्रमुख. माझा प्रबंध तपासायला त्यांच्याकडेच जाणार, आणि ज्या जागेवर माझा डोळा होता ती जागाही त्यांच्याच विभागात. देवाने योजना करावी तर अशी.

सेमिनारमध्ये मी पोपटासारखी बोलले. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. नंतर उपळेकर म्हणाले, “चला मगदूम, चहा घेऊ.”

कॅन्टीनमध्ये कोपऱ्यातलं टेबल त्यांनी निवडलं. चहात साखर नव्हती तरी चमच्याने ढवळत राहिले.

“सरांनी ती सीडी दिली म्हणे तुला.”

“हो सर.”

“मग?”

“तुमच्याकडे ती चालली नव्हती ना?” मी विचारलं.

त्यांनी चमचा बशीत ठेवला. “जुने प्रोग्राम असतात. नव्या मशीनवर चालत नाहीत. तसं सांगायचं, सीडी परत करायची आणि आपल्या कामाला लागायचं.”

“आणि चालला तर?”

“मगदूम,” ते हळू आवाजात म्हणाले, “मी तुला तेच सांगतोय जे मी केलं. माझं काही वाईट झालं का? घर आहे, विभाग आहे, पोरं मान देतात. सरांचाही विचार कर. दोन वर्षांत रिटायर होतील. म्हातारपणी त्यांच्या तोंडाला काळं फासणार आहेस का? आणि तुझं काय, ते तुलाच ठाऊक.”

“माझी तर झोप उडालीय सर.”

“येते परत,” उपळेकर म्हणाले. “पहिलं वर्षभर नाही येत. मग येते.”

हे बोलताना ते माझ्याकडे बघत नव्हते, खिडकीतून पार्किंगकडे बघत होते. निगुडकर सर बघतात तसेच, अगदी त्याच मानेने. त्या माणसाचा मला राग आला नाही. भीती वाटली. कारण वीस वर्षांनी त्या खुर्चीत मी बसलेली मला दिसत होते, आणि समोर कोणीतरी दुसरी मुलगी होती, आणि मी तिला सांगत होते की झोप येते परत.

उठताना ते एवढंच म्हणाले, “ऑक्टोबरात मुलाखती आहेत. ये.”

रविवारी मी सीडी पिशवीत टाकून सरांकडे गेले. हॉस्टेलपासून त्यांच्या घरापर्यंत चढाची वाट आहे. पूर्ण वाटभर मी एकच वाक्य घोकत होते, चालत नाही सर. वेगवेगळ्या तऱ्हेने म्हणून बघत होते. खेदाने, सहज, जरा हसत. उपळेकरांनी कोणत्या तऱ्हेने म्हटलं असेल असाही विचार येत होता. दारापर्यंत पोचले तेव्हा ते वाक्य अगदी गुळगुळीत झालं होतं.

सर बनियनवर अंगणात बसून स्कूटरचा प्लग साफ करत होते. काकूंनी मला बघितलं आणि आत जाऊन गवारीची टोपली घेऊन आल्या.

“हात मोकळेच आहेत ना गं वैजू?”

“तिला बसू दे जरा,” सर म्हणाले. काकू चकित होऊन त्यांच्याकडे बघायला लागल्या. पाच वर्षांत ते पहिल्यांदाच असं म्हणाले होते.

“चालला का?” सरांनी विचारलं. मान वर न करता. पॉलिशच्या कागदाने ते प्लग घासत होते, तो हात थांबला.

मी पिशवीतून सीडी काढली. तोंड उघडलं. ते गुळगुळीत वाक्य जिभेवर तयारच होतं. पण सरांनी तेवढ्यात मान वर केली. मला वाटलं होतं की त्यांच्या डोळ्यांत धाक असेल, नाहीतर विनवणी. तसं काही नव्हतं. डॉक्टर रिपोर्ट वाचत असतात तेव्हा समोरचा माणूस जसा बघतो तसे ते बघत होते.

“चालतो, सर,” मी म्हणाले.

सरांनी प्लग फडक्यावर ठेवला. हात पुसले. एकेक बोट वेगळं पुसलं.

“सीड काय दिलास?”

“स्कूटरचा नंबर. आपण सगळे तोच देतो.”

“हो,” सर म्हणाले, “सगळे तोच देता.” आणि पायरीवर माझ्याशेजारी येऊन बसले. “किती वर्षं वाट बघितली गं मी. प्रत्येकाला तो नंबर लिहायला लावला. म्हटलं, कधीतरी कोणीतरी प्रोग्राम चालवेल, हा नंबर घालेल, बघेल. मग मला बोलायला नको. मी आपण होऊन बोलायला हवं होतं, पण नाही व्हायचं. सकाळी ठरवायचो, संध्याकाळी तोंड शिवलेलं. उपळेकरला दिला तेव्हा दोन दिवस जेवलो नाही मी. विचार हिला. तो आला आणि म्हणाला, चालत नाही. त्याच्या तोंडावरून कळलं मला, की चाललाय. आणि मी काय केलं? बरं, म्हटलं. त्याला माझ्याच पिंजऱ्यात घेतलं आणि दार ओढून घेतलं.”

काकू दारात टोपली धरून उभ्या होत्या. त्यांना काही नवीन वाटल्याचं दिसलं नाही. त्यांनी टोपली खाली ठेवली आणि त्याही बसल्या.

“सोळा घरं खरी आहेत ना सर?”

“सोळा खरी.” सर अंगणाकडे बघत बोलत होते. “आमचा विनय तेव्हा सहा महिन्यांचा होता. गावात रोज कोणीतरी जात होतं. लोक म्हणायचे, ताप हवेतून येतो. सोळाव्या घरातून निघालो. सतराव्याच्या पडवीत एक म्हातारी बसली होती. मला बघितलं आणि दोन्ही हात वर करून ओरडायला लागली. मला वाटलं, तापात बरळतेय, उठून अंगावर येतेय. मी पळालो. बांधावर एक चप्पल निसटली, ती घ्यायलाही थांबलो नाही. पुण्याला परत आल्यावर गाइड म्हणाले, डेटा कधी देतोस? मग सोळा घरांवरून आणि आरोग्य केंद्रातल्या डॉक्टरांच्या बोलण्यावरून तक्ते भरले आणि प्रोग्राम लिहिला. सीड सुचेना, तर खिडकीतून स्कूटर दिसत होती.”

“आणि पहिलीच ती पडली.”

“पहिलीच ती पडली,” सर म्हणाले. “म्हातारी. काही कारण नसताना ताप. शक्यता काढून बघितली मी. शंभरात चार. म्हणजे फार कमी नाही, नुसता योगायोग. पण मला सांग, अशा वेळी माणसाला शंभरात चार पुरतात का? मी तिला तशीच सोडून आलो, पाणीसुद्धा विचारलं नाही, आणि ती माझ्या मागोमाग येऊन पहिल्या ओळीवर बसली. तू मला विचारलंस ना, तिला ताप कसा आला? त्या रात्री...” त्यांनी हात हलवला. “राहू दे. माझ्या आकड्यांवर नंतर गोळ्या वाटल्या गेल्या वैजू. कुणाला द्यायच्या, कुणाला नाही.”

मला वाटत होतं की मी चिडेन. माझी पाच वर्षं त्यांनी मातीत घातली होती आणि वर माझ्याच हातून ती उकरून घेतली होती. मी चिडलेही. “सर, तुम्ही सुटलात,” मी म्हणाले, “आता मी काय करू? दिवाळीला?”

काकूच बोलल्या. “रड आधी,” म्हणाल्या, “मग बघू.” आणि त्यांनी मला जवळ घेतलं. त्यांच्या हाताला गवारीचा वास येत होता.

पुढचं सगळं जितकं वाईट होऊ शकत होतं तितकं झालं. सरांनी स्वतः विद्यापीठाला आणि सर्वेचा लेख छापलेल्या नियतकालिकाला कळवलं. विभागात चौकशी बसली. माझी नोंदणी गेली. उपळेकर त्यानंतर माझ्याशी कधी बोलले नाहीत. बाबांनी फोनवर एवढंच विचारलं, “तू गप्प बसली असतीस तर कुणाला कळलं असतं?” मी म्हणाले, “मला.” त्यावर बाबा म्हणाले, “त्या पुण्याच्या लोकांना काय सांगू?” मी म्हणाले, “चालत नाही म्हणावं.” आईने आठवडाभर अबोला धरला आणि मग लाडू पाठवले.

दुसऱ्या एका गाइडबाईंकडे मी पुन्हा नोंदणी केली, विषय तोच ठेवला. वायंगणखोलचा सर्वे, या वेळी खरा. निघायच्या आदल्या दिवशी सर हॉस्टेलच्या फाटकाशी आले. हातात छोटी पिशवी. “मी येऊ का?” म्हणाले. “नुसता बरोबर येतो. काही लिहिणार नाही.” सरांना कोणी नाही म्हणायचं नाही, ही सवय तोपर्यंत गेली होती. तरी मी हो म्हणाले.

वायंगणखोल आता आडगाव राहिलेलं नाही. डांबरी रस्ता आहे, टॉवर आहे. सोळा घरं मी दोन दिवसांत केली. सतराव्या घराच्या बांधावर सर थांबले. “तू जा,” म्हणाले.

पडवीत पन्नाशीची एक बाई सुपात तांदूळ पाखडत होती. मी कोण, कशासाठी आले ते सांगितलं. तिने सूप खाली ठेवलं.

“सर्वे? तीस-पस्तीस वर्सां झाली, असोच एक तरनो झील सर्वे करूक इलो होतो. आमची म्हातारी मरासर सांगत होती त्येची गोष्ट.”

“म्हातारी म्हणजे?”

“माझी सासू. त्या वर्साक गावात कोण म्हणजे कोण येय नाय होता. तेव्हा ह्यो एकटो इलो, हातात कागद घेऊन. उनान लालेलाल झाललो. म्हातारेक दया इली. तिना दोनय हात वर करून हाक मारल्यान, ये रे झिला, पाणी पी, गूळ खा. तर तो असो पळालो! चप्पल टाकून पळालो!” बाई तोंडाला पदर लावून हसायला लागली. “म्हातारेन ती चप्पल किती वर्सां खुंटयेक लावून ठेवल्यान. म्हणा, येतलो, इल्यार दिऊया.”

मी मागे बघितलं. सर बांधावरून अंगणात आले होते. त्यांनी सगळं ऐकलं होतं.

“त्यांना ताप होता का तेव्हा?” सरांनी विचारलं.

“ताप? नाय ओ. तिका मरासर ताप म्हणून ठावक नाय. झोपेत गेली, म्हातारी होऊन.”

सर पडवीच्या खांबाला धरून उभे राहिले. बाईने त्यांच्याकडे नीट बघितलं, पायांकडे बघितलं, पुन्हा तोंडाकडे बघितलं. तिचं हसू हळूहळू मावळलं.

“तो झील तुमीच काय ओ?”

सरांनी मान डोलावली.

ती आत गेली. तांब्याभर पाणी आणि वाटीत गुळाचे खडे घेऊन आली, आणि पडवीतला पाट सरांच्या पुढे सरकवला.

“बसा,” म्हणाली, “ह्या खेपेक पळू नकात.”

सर पाटावर बसले. गुळाचा खडा त्यांनी तोंडात टाकला, तांब्या वर धरला आणि पाणी प्यायले. बरंचसं शर्टावर सांडलं. मी नवा फॉर्म काढला, वर घर नंबर सतरा असं लिहिलं आणि त्या बाईंना त्यांचं वय विचारलं.